परत मोजा, मॅडम

सोमवार, २ फेब्रुवारी

नवी नोकरी, म्हणून नवी वही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि तेवढ्या काळात मी ह्यांच्या चपलांची जागा ठरवून देण्यापलीकडे काही केलेलं नाही. आता भाच्याला माझी गरज पडली आहे. त्याचं डोळ्यांच्या ऑपरेशनचं छोटं सेंटर आहे. पेशंट सकाळी येतात आणि दुपारी डोळ्यावर पट्टी घेऊन घरी जातात. आजवर अशा सेंटरांना औषधांबद्दल कोणी फारसं विचारत नव्हतं. आता नियम आला आहे. स्वतःच्या नावाने औषधं विकत घ्यायची आणि पेशंटच्या हातात द्यायची तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी एक जबाबदार फार्मासिस्ट हवा. खरेदी त्याच्या सहीने होणार, घरी न्यायची पाकिटं तो स्वतः भरणार आणि त्यावर त्याचा शिक्का असणार. शिक्का पेशंटने घरी जाऊन फोडायचा. मधल्या मधे दुसऱ्या कोणी फोडला तर त्याच्यावर कारवाई.

"आत्या, मोठ्या हॉस्पिटलच्या औषधभांडारात एकतीस वर्षं काढलीस. तुझ्याइतकं भरवशाचं मला कोण मिळणार?" भाचा म्हणाला. आणि लगेच, "आलीच आहेस तर एकदा डोळे पण दाखवून टाक."

"मी इथे मोजायला आलेय, मोजून घ्यायला नाही," मी म्हटलं.

तिथे माझ्या पाठीमागे मला 'दुर्बीण' म्हणायचे. मला माहीत होतं. खरं सांगायचं तर आवडायचं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

औषधांची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. एक कपाट, एक टेबल, एक खुर्ची. दिवा इतका पिवळट की लग्नाच्या जुन्या फोटोत बसल्यासारखं वाटतं. वायरमनला बोलावून पांढरा दिवा लावायला सांगितला. त्याने दुसरा लावला, तोही पिवळाच. "मॅडम, याच्याहून पांढरा येत नाही," म्हणतो. भाचा काटकसर करतोय आणि वायरमनला पढवून ठेवलंय, दुसरं काय.

काम सोपं आहे. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच उंचीच्या, वरचं लेबल मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखं. ओळखायचं ते टोपणावरून. पांढरं टोपण जंतूंसाठी. करडं टोपण सूज आणि दुखण्यासाठी, ते ऑपरेशन झालेल्या सगळ्यांना. निळं टोपण डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी, ते मोजक्या लोकांना. दम्याच्या पेशंटला निळं चुकूनही द्यायचं नाही, श्वास कोंडतो. म्हणून प्रत्येक रंगाला वेगळा खण. माल आला की मीच खणांत लावते, मीच खणांतून पाकिटं भरते. एकतीस वर्षं टोपण आणि पट्टी बघून औषध ओळखत आले आहे, लेबल वाचायला लागत नाही.

इथली सिस्टर चाळिशीची, कमी बोलणारी. मला कमी बोलणारी माणसं आवडतात, पण लगेच विश्वास ठेवत नाही. आज म्हणाली, "मॅडम, मी लेबलं मोठ्याने वाचू का? तुम्ही भरा." नवीन माणूस आलं की कपाटात हात घालायला जागा मिळते का ते लोक बघतात. म्हटलं, "तुम्ही वॉर्ड बघा."

शनिवार, ७ फेब्रुवारी

पहिली मोजणी. निळ्या खणात तीन बाटल्या कमी. करड्या खणात तीन जास्त.

मी तिथेच खुर्चीवर बसले. हा प्रकार मी आधी पाहिला आहे.

मोठ्या हॉस्पिटलातल्या माझ्या शेवटच्या वर्षी अगदी हेच झालं होतं. इंजेक्शनच्या निळ्या पट्टीच्या कुप्या चाळीस कमी, शेजारच्या हिरव्या पट्टीच्या चाळीस जास्त. निळ्या महाग, हिरव्या स्वस्त. एकूण बेरीज बरोबर जुळत होती, म्हणजे महागाचा माल काढून स्वस्तातला भरला होता. पण मी बेरीज बघत नाही, खण बघते. भांडारात माझ्याखेरीज एकच माणूस होता, आमचा कंपाउंडर. सारखा म्हणत होता, "परत मोजा, मॅडम. दुसऱ्या कोणाला तरी मोजू द्या." पकडला गेलेला माणूस असंच म्हणतो. माल दुसऱ्या दिवशी वॉर्डांत गेला आणि माझ्या सहीपुढे दुसऱ्यांदा मोजायची कोणाची टाप नव्हती. त्याची नोकरी गेली. मला निवृत्तीच्या दिवशी त्याच कामगिरीबद्दल भाषणात शाबासकी मिळाली.

आता इथे तीच चाल. चोरांनाही नवीन काही सुचत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. हे पेपरातली एक बातमी मला वाचून दाखवत होते. हल्ली मला वाचून दाखवायची त्यांना फार हौस आली आहे, मीही होऊ देते. सगळं ऐकून म्हणाले, "तीन बाटल्या? तुला घरातले चमचे मोजताना पण चोर दिसतो."

"मागच्या महिन्यात एक चमचा खरंच गेला होता."

"तो तुझ्यासमोर बशीत होता."

ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही. आणखी एक, इस्त्रीवाल्याने ह्यांचे पांढरे शर्ट पार पिवळे करून ठेवलेत. त्याला फैलावर घेतलं. हे त्याची बाजू घेऊन म्हणतात शर्ट पांढरेच आहेत. पुरुष एकमेकांना सांभाळून घेतात.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सिस्टरबद्दल थोडी माहिती काढली. स्वागताच्या टेबलावरची मुलगी बोलकी आहे. सिस्टरची आई अंथरुणाला खिळलेली, घरात कमावती ही एकटी. म्हणजे गरज आहे. गरज असलेल्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं, पण कपाटाची किल्ली मी त्याला देणार नाही. भरलेली पाकिटं ठेवायच्या कपाटाची एक किल्ली मात्र तिच्याकडे आहेच, दुपारी पाकिटं वाटायला लागते म्हणून. ही व्यवस्था कोणी केली विचारलं तर भाचा म्हणे, "मी. का गं?" मी ताकास तूर लागू दिली नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आता निळ्या पाच कमी, करड्या पाच जास्त. मधे नवा माल आला होता. तो लावताना मी डोळ्यात तेल घालून एकेक टोपण बघितलं होतं. माझ्याकडून चूक होणं शक्य नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज प्रत्यक्ष पाहिलं.

डबा वर विसरले म्हणून दुपारी परत आले. वर वॉर्डातल्या पाकिटांच्या कपाटापुढे सिस्टर अर्धवट पाठमोरी उभी. एक पाकीट तिने खिडकीच्या उजेडात धरलं, माझा शिक्का नखाने अलगद सोडवला, आतून एक बाटली काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि दुसऱ्या खिशातली आत घातली. मग गोंद लावून पाकीट पूर्वीसारखं केलं. पुढचं उचललं, उघडलं, बघितलं, काही न बदलता बंद केलं. त्यानंतर कसल्याशा छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. चोरीचा हिशेब ठेवणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला.

मी आवाज केला नाही. जिना उतरताना शेवटची पायरी चुकले आणि गुडघा फुटला. त्या जिन्यावर उजेड म्हणून नाही.

रागापेक्षा मला आनंदच जास्त झाला होता, हे इथे लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहून काय करायचं. साठी ओलांडली तरी दुर्बीण शाबूत आहे असं वाटलं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

तिला एक संधी द्यावी म्हणून सहज विचारलं, "सिस्टर, पाकिटं जशी मी देते तशीच जातात ना पेशंटला?"

ती बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, डॉक्टरसाहेब तुमचे डोळे तपासायचे म्हणत होते. तपासले का?"

बघा. सरळ प्रश्नाला बगल देऊन माझ्यावरच घसरली. वर म्हणते, "साहेबांना मी तसं बोलले होते. तुम्हाला मी कसं सांगणार, तुम्ही त्यांच्या आत्या." म्हणजे भाच्याचे कान भरून झालेले आहेत. भाचाही त्यात असेल का? ऑपरेशनं वाढली आहेत, नवी गाडी घेतली आहे. नाही, तो लहान असताना मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. पण एकदा मनात पाल चुकचुकली की ती गप्प बसत नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

तक्रार पाठवली. परवाना देणाऱ्या कार्यालयाला, सरळ. भाच्याला सांगितलं नाही. शिक्का फोडताना स्वतः पाहिलं, तारीख, वेळ, मोजणीचे आकडे, सगळं लिहिलं.

पाठवण्याआधी ह्यांना वाचायला दिली होती. ह्यांनी दोनदा वाचली. "त्या बाईची नर्सची नोंदणी जाईल यात. परत कुठे काम मिळणार नाही तिला."

"मग करायचं नव्हतं."

"तिला एकदा विचार तरी, का करते म्हणून."

"कंपाउंडरला विचारलं होतं मी. काय म्हणाला? परत मोजा."

"मग मोजलंस का?"

मी तक्रार लखोट्यात घातली. ह्यांनी उठून माझ्यासाठी चहा ओतून आणला. हल्ली चहा मला ओतू देत नाहीत, बाहेर सांडतो म्हणून.

सोमवार, २ मार्च

हे सगळं सावकाश लिहिते.

सकाळी दहाला कार्यालयाच्या इन्स्पेक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, कापडी पिशवी खांद्यावर, आवाज एकदम शांत. भाच्याच्या हातात माझी तक्रार ठेवली. त्याने वाचली आणि माझ्याकडे बघून फक्त "आत्या" म्हणाला. सिस्टरने वाचली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

इन्स्पेक्टरबाईंनी आजची भरलेली पाकिटं टेबलावर मागवली. नऊ होती, सकाळीच भरलेली, शिक्के शाबूत. मी म्हटलं, "यांना अजून तिचा हात लागलेला नाही." बाईंनी एकेक उघडलं. चौथ्या पाकिटातली एक बाटली माझ्यापुढे धरली.

"टोपणाचा रंग सांगा."

"करडा."

बाईंनी बाटली तशीच धरून ठेवली. मला वाटलं मी हळू बोलले, म्हणून परत म्हटलं, "करडा."

"खिडकीपाशी या जरा," बाई म्हणाल्या. तिथे मला बाटलीवर काहीतरी निळसर असल्यासारखं वाटलं. असल्यासारखं. मी लेबल डोळ्याजवळ नेलं. अक्षरं वितळलेली होती. ती केव्हापासून वितळली होती ते मला सांगता येईना. छपाई वाईट असते असं मी धरून चालले होते.

बाईंनी चौथ्या नंबरच्या पेशंटचा कागद वाचला. वय सत्तर. खाली लाल अक्षरात, दमा.

मग सिस्टरने ती छोटी वही काढून दिली. बाईंनी ती मोठ्याने वाचली नाही, पण माझ्यापुढे ठेवली, आणि भाच्याने मला वाचून दाखवली. तारीख, पाकीट नंबर, निळी निघाली, करडी घातली. पुन्हा तारीख, पाकीट नंबर, निळी निघाली, करडी घातली. अकरा नोंदी. बदली करड्या तिने वॉर्डाच्या साठ्यातून घेतल्या होत्या आणि काढलेल्या निळ्या बाटल्या वॉर्डाच्या ट्रेमध्ये चिठ्ठी लावून ठेवलेल्या होत्या. त्या धरल्यावर बेरीज जुळली. मी नवा माल लावताना निळ्या बाटल्या करड्या खणात लावत होते, आणि मग खण मोजून चोर शोधत होते.

"सांगितलं का नाही?" बाईंनी तिला विचारलं.

"साहेबांना सांगितलं होतं, मॅडमना कमी दिसतं म्हणून. बाटल्या बदलते हे नाही सांगितलं. ते सांगितलं असतं तर फार्मासिस्ट गेला, परवाना गेला, सेंटर बंद. माझं घर यावर चालतं." आणि पुढे म्हणाली, "रोज सगळी पाकिटं बघत होते. एकही सोडलं नाही."

"पण शिक्का फोडायचा अधिकार तुम्हाला नाही. चुकीची पाकिटं थांबवून आम्हाला कळवायचं होतं."

"हो. माहीत आहे."

म्हणजे नियमाप्रमाणे गुन्हा तिचाच. तिने शिक्के फोडले आणि माझ्याविरुद्ध तक्रार कोणाचीच नव्हती. बाईंनी मला कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं लिहा. तक्रार कायम आहे का तेही लिहा."

मी लिहिलं. तक्रार मागे घेते. पाकिटं चुकीची भरली ती मी. डोळे दाखवायला दोनदा सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. शिक्के फुटले नसते तर अकरा माणसांच्या घरी चुकीचं औषध गेलं असतं. जबाबदार फार्मासिस्ट म्हणून जबाबदार मी आहे. सही करताना रेघ कुठे आहे ते भाच्याला बोटाने दाखवावं लागलं.

शुक्रवार, ६ मार्च

सेंटरची औषधं वाटणं पंधरा दिवस बंद. भाचा सध्या पेशंटना दुकानात पाठवतो. सिस्टरला लेखी ताकीद मिळाली, नोंदणी राहिली. माझं नाव परवान्यावरून काढलं. नवा फार्मासिस्ट येणार आहे आणि दर पाकिटावर आता दोघांच्या सह्या लागणार, एकाने भरायचं आणि दुसऱ्याने लेबल मोठ्याने वाचायचं. पहिल्याच आठवड्यात सिस्टरने मला हेच सुचवलं होतं.

आज तिला भेटायला गेले. वॉर्डात चादरी बदलत होती.

"तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ती म्हणाली.

"तुम्ही सांगितलं असतंत तर मी ऐकलं असतं का?"

"नाही."

मी दुसरं टोक धरलं आणि चादर घालू लागले. तिने धरू दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. माफी मागितली. "बरं," म्हणाली. त्याहून जास्त मला मिळायला नको होतं.

गुरुवार, १२ मार्च

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भाच्याने केलं. आज पट्टी निघाली.

ह्यांचा शर्ट पांढरा आहे. इस्त्रीवाल्याला काय तोंड दाखवू कळत नाही. ही वही मी निळ्या शाईने लिहिते आहे असं समजत होते, अर्ध्या पानांवर शाई हिरवी आहे. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. ह्यांच्या चेहऱ्यावर केवढ्या सुरकुत्या. मी म्हटलं, "तुम्ही म्हातारे कधी झालात?" "तू बघत नव्हतीस तेव्हा," म्हणाले. मला रडू आलं, आणि डोळ्यात पाणी चालत नाही म्हणून सगळ्यांची धावपळ झाली.

मग भाचा हात धुताना सहज बोलून गेला, "मोतीबिंदू चांगलाच पिकला होता आत्या. आजकालचा नाही हा, चार-पाच वर्षांचा तरी असणार."

चार-पाच वर्षांचा.

मी रजेचे दिवस मोजावेत तशी बोटांवर मोजत बसले. परत परत मोजलं. निवृत्त होऊन तीन. निळ्या चाळीस कमी, हिरव्या चाळीस जास्त. एकूण बेरीज बरोबर.

सोमवार, १६ मार्च

झोप लागत नाही. ह्यांना सांगितलं. "कदाचित कंपाउंडरने घेतल्याही असतील," हे म्हणाले. असतीलही. तो माल केव्हाच संपला, ती गोष्ट आता कोणीच मोजू शकत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की मोजणारीला दिसत नव्हतं, आणि त्याने दुसऱ्या कोणाला मोजू द्या म्हटलं तेव्हा मी हसले होते.

मोठ्या हॉस्पिटलला पत्र लिहिलं. मोतीबिंदूचा, भाच्याच्या सहीचा दाखला जोडला. वाचून काय करतील देव जाणे. त्याचा पत्ता मात्र तिथल्या जुन्या शिपायाने दिला.

शनिवार, २१ मार्च

ह्यांना बरोबर घेऊन गेले. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं. मला ओळखलं आणि तरी आत बोलावलं. तो गोदामात खोकी बांधायचं काम करतो, दुपारी जेवायला येतो. आम्ही थांबलो. एकमेकांकडे न बघता बसलो होतो.

तो आला. बारीक झाला आहे. मला बघून दारातच उभा राहिला, चपला काढल्या नाहीत. मी बसून बोलू शकले नाही, उठून बोलले. मोतीबिंदू, निळं, हिरवं, सेंटरमधली मोजणी, पत्र, सगळं. दाखल्याची एक प्रत त्याच्या हातात दिली. म्हटलं, "तुम्ही परत मोजा म्हणत होता. मी मोजायला हवं होतं."

त्याने तो कागद पूर्ण वाचला. बायको आतल्या दारात उभी होती. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आता दिसतं का नीट?" त्याने विचारलं.

"हो. उजव्याने."

"बरं झालं," तो म्हणाला. मग कागदाची नीट घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि हात धुवायला आत गेला. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. ह्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि आम्ही निघालो.

जिना अंधारा होता. मी प्रत्येक पायरी मोजून उतरले, अठरा होत्या.